हिरवळीचा हिशेब

गोल्फची काठी मी आयुष्यात एकदाच हातात धरली आणि त्या एका फटक्यात चेंडूऐवजी हिरवळीचा वीतभर तुकडा उडवला. तेव्हा गोल्फवर लिहायचा तुम्हाला काय अधिकार, असं कुणी विचारलं तर मी गप्पच बसेन. पण सारा जन्म बँकेत काढलेल्या माणसाला एक खोड लागते. समोर वाडा असो, देऊळ असो की धरण, त्याच्या मनात पहिला प्रश्न येतो तो हाच की, याचे पैसे कुणी दिले आणि कुणाचे द्यायचे राहिले? २०२३च्या एप्रिलमध्ये जगातल्या अतिशय गाजलेल्या एका खासगी गोल्फ मैदानावर दिवसभर हिंडायचा योग आला, तेव्हा ही खोडही माझ्याबरोबर आली.

लेक अटलांटाला असते. तिथून पूर्वेला मोटारीनं दोन-अडीच तासांवर ऑगस्टा नावाचं शहर आहे. तिथल्या ‘ऑगस्टा नॅशनल गोल्फ क्लब’च्या मैदानावर दर वर्षी एप्रिलमध्ये ‘मास्टर्स’ ही स्पर्धा भरते. एरवी वर्षभर या क्लबात सभासद आणि त्यांचे पाहुणे यांच्याखेरीज चिटपाखरूही आत जाऊ शकत नाही. सभासद तीनशेच्या आसपास असावेत, असं म्हणतात. यादी क्लब जाहीर करत नाही. अर्ज करून सभासद होता येत नाही, बोलावणं यावं लागतं. स्पर्धेच्या आधीचे सरावाचे दिवस मात्र सामान्यांसाठी असतात आणि त्यांची तिकिटं लॉटरी काढून देतात. जावयानं सहज अर्ज टाकला होता. नाव लागलं. सौ.चे गुडघे कुरकुरत होते म्हणून ती नातवाजवळ थांबली आणि आम्ही तिघं भल्या पहाटे निघालो.

वॉशिंग्टन रोड नावाच्या रस्त्यानं क्लबपर्यंत जावं लागतं. रस्ता अगदी साधा आहे. पेट्रोल पंप, मोटारींचे टायर विकणारी दुकानं, पिझ्झा, बर्गर. आपल्याकडच्या कुठल्याही हमरस्त्यावर शहर संपता संपता जसा पसारा लागतो, तसाच. आणि त्या पसाऱ्याच्या कडेला एक उंच, दाट हिरवं कुंपण. कुंपणापलीकडे काय आहे, याचा रस्त्यावरून पत्ता लागत नाही. फाटकाजवळ मोबाइल ठेवून द्यावा लागतो. आत पळायला बंदी आहे. प्रेक्षकाला तिथे प्रेक्षक म्हणत नाहीत, ‘पेट्रन’ म्हणतात, म्हणजे आश्रयदाता. दीड डॉलरला सँडविच मिळतं. अमेरिकेत एवढ्या पैशांत धड पाण्याची बाटलीही मिळत नाही. ‘आश्रयदात्यांना इतक्या स्वस्तात जेवू घालणारे यजमान मी पहिल्यांदाच पाहतोय,’ असं मी म्हणालो, तेव्हा लेक म्हणाली, ‘बाबा, आज तरी हिशेब करू नका.’

आत पाऊल टाकल्यावर पहिला धक्का बसतो तो उताराचा. टीव्हीवर हे मैदान बिलियर्डच्या टेबलासारखं सपाट दिसतं. प्रत्यक्षात क्लबची इमारत टेकाडावर आहे आणि मैदान तिथून खाली खाली घसरत एका ओढ्यापर्यंत जातं. सर्वांत उंच आणि सर्वांत खोल जागेत दीडशे फुटांहून अधिक फरक आहे. एकट्या दहाव्या होलवर माणूस शंभर फुटांच्या वर खाली उतरतो, म्हणजे दहा मजली इमारतीच्या गच्चीवरून तळमजल्यावर आल्यासारखं. दोन्ही बाजूंना उंच पाइन, खाली त्यांच्या सुकलेल्या सुयांचा तांबूस गालिचा आणि मधून वाहत गेल्यासारखी हिरवळ. या उतारावर, वाटेच्या मधोमध मला एक भलामोठा वाळूचा खड्डा दिसला. पांढरीशुभ्र वाळू, कडा शाईचा डाग पसरावा तशा वेड्यावाकड्या. पण त्यात चेंडू कुणाचाच पडत नव्हता. खेळाडू येत होते, चेंडू मारत होते आणि खड्ड्याला वळसा घालून पुढे जात होते. मग हा इथे कशासाठी? जावयाला माहीत नव्हतं. त्या खड्ड्याकडे मी शेवटी पुन्हा येणार आहे.

गोल्फ न पाहिलेल्यांसाठी दोन शब्द. मैदानावर अठरा होल असतात. होल म्हणजे नुसतं भोक नव्हे. जिथून पहिला फटका मारायचा त्या जागेपासून निशाण रोवलेल्या गुळगुळीत ग्रीनपर्यंतची सगळी वाट म्हणजे एक होल. चांगल्या खेळाडूनं ती किती फटक्यांत संपवावी त्याचा आकडा ठरलेला असतो, त्याला पार म्हणतात. वाटेत झाडं, पाणी, वाळूचे खड्डे. या खड्ड्यांना बंकर म्हणतात. बाकीच्या बहुतेक खेळांत मैदानाचं माप ठरलेलं असतं. बावीस यार्डांची खेळपट्टी लॉर्ड्‌सवर तशीच शिवाजी पार्कात. गोल्फचं मैदान मात्र प्रत्येक वेगळं, आणि ते कुणीतरी आखलेलं असतं. म्हणजे तुम्ही खेळता तेव्हा प्रतिस्पर्ध्याशी जितके खेळता तितकेच, कदाचित जास्तच, त्या आखणाऱ्या माणसाशी खेळत असता. तो कधीच मेलेला असला तरी.

ऑगस्टाचं मैदान आखणाऱ्या माणसाचं नाव अ‍ॅलिस्टर मॅकेंझी. जन्म १८७०चा, इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचा, आईबाप स्कॉटिश. शिक्षणानं डॉक्टर. बोअर युद्धात तो शल्यवैद्य म्हणून गेला होता. तिथे त्याला एका गोष्टीचं नवल वाटलं. मूठभर बोअर शेतकरी इंग्रजांच्या कवायती फौजेला दाद देत नव्हते, कारण त्यांचे खंदक दिसायचेच नाहीत. जमिनीच्या चढउतारात ते असे मिसळून जायचे की खरा खंदक कुठला आणि फसवा कुठला, ते गोळी लागल्यावर कळावं. पुढे पहिल्या महायुद्धात त्यानं हीच छपवाछपवीची विद्या लष्कराला शिकवली. आणि नंतर डॉक्टरकी सोडून तीच विद्या त्यानं गोल्फच्या मैदानात आणली. माणसानं केलेलं निसर्गानं केल्यासारखं दिसलं पाहिजे, हा त्याचा पहिला हट्ट. तो स्वतः मोठा खेळाडू नव्हता, आणि माझ्या मते त्याच्या मोठेपणाचं मूळ इथेच आहे. कच्च्या खेळाडूचं दुःख त्याला ठाऊक होतं. १९२०मध्ये त्यानं मैदानाच्या रचनेवर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात तो म्हणतो की हरवलेले चेंडू शोधण्याचा वैताग खेळाडूला होता कामा नये, आणि दुबळ्या खेळाडूला एखादा फटका जास्त मोजून का होईना, पुढे जायला वाट असली पाहिजे. त्याच्या काळातली पुष्कळ मैदानं चुकला की फोडून काढायचा, अशा जुन्या पंतोजींच्या शिस्तीची होती. दर पावलावर खड्डा. डॉक्टरसाहेबांना हे मान्य नव्हतं. लोक मैदानावर तब्येत सुधारायला येतात, बिघडवायला नव्हे.

त्याला बोलावणारा माणूस बॉबी जोन्स. अटलांटाचा वकील आणि त्या काळातला गोल्फचा अनभिषिक्त राजा. १९३० साली एका वर्षात त्यानं अमेरिका आणि ब्रिटनच्या खुल्या आणि हौशी अशा चारही मोठ्या स्पर्धा जिंकल्या आणि अठ्ठाविसाव्या वर्षी निवृत्ती जाहीर केली. स्पर्धांमध्ये तो कायम हौशी म्हणून खेळला, बक्षिसाच्या पैशाला हात लावला नाही. त्याला आता मित्रांबरोबर निवांत खेळायला एक जागा हवी होती. आदल्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या एका स्पर्धेत तो पहिल्याच फेरीत हरला होता. मग मोकळ्या वेळात तो जवळच्या सायप्रस पॉइंट या मैदानावर खेळला आणि ते आखणाऱ्या मॅकेंझीवर खूश झाला. पहिल्या फेरीत हरण्याचाही कधीकधी उपयोग होतो.

जागा मिळाली ती ऑगस्टामधली ३६५ एकरांची. एके काळी तिथे निळीची लागवड होती. १८५७पासून ती बर्कमन्स नावाच्या बेल्जियन कुटुंबाच्या हातात आली. त्यांनी तिथे फ्रूटलँड नावाची रोपवाटिका चालवली. पीच, मॅग्नोलिया, अझेलिया. अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या कितीतरी अंगणांतली झाडं इथूनच गेलेली. पुढे रोपवाटिका बंद पडली, जागा पडून राहिली. तिथे मोठं हॉटेल बांधायला निघालेला एक गृहस्थ पाया खणता खणताच दिवाळखोर झाला. १९३१ साली ती ७० हजार डॉलरना मिळाली. जोन्सनं त्या जमिनीकडे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती कुणीतरी मैदान घालायला येण्याची वाटच पाहत पडली होती, असं त्याला वाटलं म्हणे. आजही अठराही होलांना झाडाझुडपांची नावं आहेत. दुसरा गुलाबी डॉगवूड, दहावा कॅमेलिया, तेरावा अझेलिया. नंबराऐवजी झाडाच्या नावानं जागा ओळखणं आपल्याला मुळीच नवीन नाही. वडाचा स्टॉप आणि पिंपळाचा पार आपल्याकडे गावोगाव आहेत.

आता या मैदानाची खरी गंमत. मॅकेंझीनं इथे सगळ्या मैदानात मिळून फक्त २२ बंकर ठेवले होते. वाटा ऐसपैस रुंद. वाढलेलं गवत नाहीच. कुणीही यावं, चेंडू मारावा, तो सापडणार. मग अवघड काय? अवघड असं की, या रुंद वाटेवर तुम्ही डावीकडे उभे राहता की उजवीकडे, यावर पुढचा फटका सोपा की कठीण ते ठरतं. आणि हे जमिनीचा उतार ठरवतो. चौदाव्या होलवर एकही बंकर नाही, पण ग्रीन असं लाटांवर लाटा उठल्यासारखं आहे की, चेंडू चुकीच्या जागी पडला तर अळवावरच्या थेंबासारखा निसटून भलतीकडे जातो.

तेराव्या होलपाशी आम्ही तासभर बसलो होतो. वाट डावीकडे वळते आणि त्या वळणाला बिलगून ओढ्याचा एक फाटा वाहतो. तोच पुढे ग्रीनच्या समोरून आडवा जातो. तुम्ही पहिला फटका धीटपणे डावीकडे, ओढ्याच्या काठाशी मारला तर अंतर वाचतं आणि पाय सपाट जमिनीवर राहतात. तिथून दुसऱ्याच फटक्यात ओढा ओलांडून ग्रीन गाठता येतं. घाबरून उजवीकडे मारला तर तुम्ही सुखरूप असता, पण अंतर वाढतं आणि चेंडू उतारावर, तुमच्या पायांपेक्षा उंच थांबतो. आता ओढा ओलांडायचं धाडस करावं की अलीकडेच थांबून एक फटका जास्त मोजावा? मुदत ठेव आणि शेअर बाजार एकाच काउंटरवर मांडून ठेवलेले आहेत, ज्यानं त्यानं आपल्या छातीप्रमाणे फॉर्म भरावा. शिक्षा कुणालाच नाही, पण लोभाची किंमत आहे आणि भीतीचीही आहे. एवढी समंजस रचना मी फार कमी ठिकाणी पाहिली आहे. कर्जविभागात तर नाहीच.

त्याच्या अलीकडचा बारावा होल जेमतेम १५५ यार्डांचा. समोर रेज क्रीक हा ओढा, त्यापलीकडे चिंचोळी, आडवी ग्रीन, मागे फुललेली अझेलिया. चित्र काढून भिंतीला लावावं असं. पण खोलगट जागेत वारा गिरक्या घेतो, झाडांचे शेंडे एकीकडे झुकलेले आणि निशाण दुसरीकडे फडफडतंय. इथे २०१६ साली आघाडीवर असलेल्या जॉर्डन स्पीथनं तीनच्या जागी सात फटके घेतले आणि हातातली स्पर्धा घालवली. २०२०मध्ये आदल्या वर्षीचा विजेता टायगर वुड्स यानं दहा घेतले. हा सगळा कोपरा ‘आमेन कॉर्नर’ म्हणून ओळखला जातो. हर्बर्ट वॉरन विंड या लेखकानं १९५८मध्ये ते नाव दिलं. बाराव्याच्या ग्रीनपाशी आपल्याला जाता येत नाही. अलीकडे बसून पाहायचं. त्या हिरव्या शांततेत शेकडो माणसं अशी गप्प बसली होती, जशी आपल्याकडे आरतीआधी घंटा वाजायची वाट पाहतात.

आणि इथेच माझ्या डोक्यातला खातेवहीवाला जागा झाला. हे सगळं घडलं ते १९३१ ते १९३३ या काळात, म्हणजे अमेरिकेच्या महामंदीच्या ऐन भरात. क्लबची आर्थिक बाजू सांभाळत होता क्लिफर्ड रॉबर्ट्‌स, न्यूयॉर्कमधला गुंतवणूक व्यवसायातला माणूस. म्हणजे आमच्याच जातकुळीतला. त्यांचा आराखडा होता अठराशे सभासदांचा. मैदान सुरू झालं तेव्हा शंभरही जमले नव्हते. बँका बुडत होत्या, लोकांकडे वर्गणीचे पैसे नव्हते. अशा वेळी थकबाकीचा पहिला बळी कोण ठरतो? ज्याचं काम होऊन गेलेलं असतं, तो. मॅकेंझीचं मानधन दहा हजार डॉलर ठरलं होतं. ते आधी निम्म्यावर आलं आणि त्या निम्म्यातलेही मोजके त्याच्या हातात पडले. तो पत्रांमागून पत्रं पाठवत होता. अगदी टेकीला आलोय, असं त्यानं शेवटी लिहिलं. मैदानावर गवत उगवून ते तयार झाल्यावर ते पाहायला यायचीही त्याची ऐपत राहिली नाही. ६ जानेवारी १९३४ला तो कॅलिफोर्नियात वारला. त्यानंतर अडीच महिन्यांनी, मार्चमध्ये इथे पहिली स्पर्धा झाली. आज ज्या मैदानाच्या आखणीचे गोडवे सारं जग गातं, ते मैदान आखणाऱ्यानं पूर्ण झालेलं पाहिलंच नाही आणि त्याचं बिलही पुरतं फेडलं गेलं नाही. रॉबर्ट्‌सला मी नुसता दोष देत नाही. पैसे नव्हतेच. गंगाजळी नसलेल्या संस्थेचा व्यवस्थापक कुठल्या येणेकऱ्याला कसा झुलवतो, हे मी टेबलाच्या दोन्ही बाजूंनी पाहिलं आहे.

त्या दुपारी ओढ्याकाठी बसून मला आठवण झाली ती वेगळ्याच माणसाची. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एका छावणीच्या गावात मी शाखा व्यवस्थापक होतो. गावाबाहेर जुना गोल्फ क्लब होता. त्याचं चालू खातं आमच्याकडे. आणि तिथल्या म्हाताऱ्या कॅडीचं बचत खातंही आमच्याकडे. कॅडी म्हणजे खेळाडूच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर घेऊन चालणारा आणि ‘साहेब, इथे डावीकडे मारा’ असं हळूच सांगणारा माणूस. याला सगळे मास्तर म्हणत. दर शनिवारी तो यायचा, तीस-चाळीस रुपये भरायचा. त्यानंच मला एका संध्याकाळी मैदान दाखवलं, काठी हातात दिली आणि माझा तो हिरवळउपटा फटका पाहून हसू दाबलं. मग चपला काढून तो ग्रीनवर चालत गेला. म्हणाला, ‘साहेब, उतार डोळ्यांना दिसत नाही. तळव्यांना कळतो.’

एका पावसाळ्यापूर्वी त्यानं घरावर पत्रे टाकायला नऊ हजारांचं कर्ज मागितलं. नियमाप्रमाणे मी उत्पन्नाचा दाखला मागितला. क्लबच्या सेक्रेटरींकडे तो गेला. त्यांनी सांगितलं की, कॅडी हे आमचे नोकर नव्हेत, खेळणारे साहेब लोक त्यांना परस्पर पैसे देतात, आम्ही दाखला देऊ शकत नाही. एकतीस वर्षं तो माणूस त्या मैदानावर चालत होता. त्याला जामीन राहायला पगारदार माणूस मिळाला नाही. मी अर्जावर ‘उत्पन्नाचा पुरावा नाही’ असा शेरा मारला आणि सही केली. शेरा शंभर टक्के बरोबर होता. आजही कुठलाही तपासनीस त्यात चूक काढू शकणार नाही. त्या शनिवारी मास्तर नेहमीसारखा आला, चाळीस रुपये भरले, पासबुकावर नोंद करून घेतली, काचेपलीकडून मला नमस्कार केला आणि गेला. तो नमस्कार मला अजून फेडता आलेला नाही.

ऑगस्टातही १९८२पर्यंत नियम असा होता की, स्पर्धेत खेळाडूनं क्लबचाच कॅडी घ्यायचा. हे सगळे कृष्णवर्णीय, बरेचसे जवळच्या सँड हिल्स वस्तीतले. ग्रीनचे छुपे उतार त्यांना तोंडपाठ. म्हणजे मॅकेंझीनं लपवलेलं वाचता येणारी माणसं खरी हीच. पण पिशवी उचलायला आत येणाऱ्या त्या माणसांना चेंडू मारायला आत यायची वाट नव्हती. ली एल्डर हा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू मास्टर्समध्ये उतरला तो १९७५ साली, म्हणजे स्पर्धा सुरू होऊन चाळीस वर्षं उलटल्यावर. कृष्णवर्णीय सभासद पहिल्यांदा घेतला १९९०मध्ये, तोही अलाबामातल्या दुसऱ्या एका क्लबवरून देशभर गदारोळ झाल्यावर. स्त्री सभासद २०१२पर्यंत नव्हत्या. त्या वर्षी कोंडोलिझा राइस आणि डार्ला मूर या दोघींना बोलावणं गेलं. त्याआधी दहा वर्षं यावरून वाद पेटला होता आणि जाहिरातदारांवर दबाव येऊ नये म्हणून क्लबनं दोन वर्षं टीव्हीवर जाहिरातीच घेतल्या नाहीत. हट्टासाठी एवढा महसूल सोडणारी संस्था माझ्या पाहण्यात दुसरी नाही.

१९८३पासून खेळाडूंना स्वतःचे कॅडी आणायची मुभा मिळाली. खेळाडूंच्या बाजूनं पाहिलं तर मागणी रास्त होती. आदल्या वर्षी पावसामुळे उरलेला खेळ सकाळी सुरू झाला तेव्हा कित्येक कॅडी पोचलेच नव्हते. पण वर्षातला सर्वांत मोठ्या कमाईचा आठवडा त्या वस्तीच्या हातून गेला. टिकून राहिला तो कार्ल जॅक्सन. शाळा सोडून या मैदानावर आलेला मुलगा, १९६१मध्ये मास्टर्समध्ये पहिली पिशवी उचलली तेव्हा जेमतेम चौदा वर्षांचा. बेन क्रेनशॉ या खेळाडूनं त्याला सोडलं नाही. क्रेनशॉ इथे १९८४ आणि १९९५ असा दोनदा जिंकला तेव्हा दोन्ही वेळा पिशवी जॅक्सनच्याच खांद्यावर होती. १९९७ साली एकवीस वर्षांचा टायगर वुड्स बारा फटक्यांच्या फरकानं जिंकला, त्या दिवशी ली एल्डर मुद्दाम पाहायला आला होता. आणि २०२१मध्ये त्याच एल्डरला क्लबनं सन्मानानं बोलावून स्पर्धेच्या आरंभाला उभं केलं. प्रकृतीमुळे त्याला चेंडू मारता आला नाही, त्यानं नुसती काठी उंचावली. त्याच वर्षी नोव्हेंबरात तो गेला.

मला विचाराल तर हे कोडं सुटत नाही. ज्यानं जमिनीवर इतकी उदार रचना केली, दुबळ्यालाही वाट ठेवली, त्याच जमिनीभोवती इतकं घट्ट कुंपण. कुंपण मॅकेंझीनं घातलेलं नव्हतं, आणि वाटही पुढच्या मालकांनी पूर्वीसारखी ठेवली नाही. बंकर आता चाळीसच्या वर गेलेत. १९९९पासून वाटेच्या कडेला थोडं गवत वाढू देतात. वुड्सच्या त्या विजयानंतर लांबी वाढतच गेली, १९९७मध्ये ६,९२५ यार्ड होती, ती आता साडेसात हजारांवर गेली आहे. तेराव्या होलसाठी तर शेजारच्या क्लबची जमीन विकत घेऊन मारायची जागा मागे नेली. मी गेलो ते त्या बदलाचं पहिलंच वर्ष. हिरवळीखाली नळ आहेत, ते ग्रीनमधला ओलावा शोषून घेतात. निसर्गानं केल्यासारखं दिसावं म्हणून आता पंपखाना चालतो! रॉबर्ट्‌सनं १९५६मध्ये आठव्या होलच्या ग्रीनभोवतीचे मातीचे उंचवटे प्रेक्षकांच्या सोयीसाठी सपाट केले होते. तो गेल्यावर, १९७९मध्ये ते पुन्हा घातले. निदान तेवढं तरी परत मिळालं.

या रॉबर्ट्‌सचीच एक गोष्ट सांगतात. राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर क्लबचे सभासद होते. सतराव्या होलवरचा एक पाइन त्यांचे चेंडू नेमके अडवायचा. १९५६च्या सभेत त्यांनी झाड तोडावं असा प्रस्ताव मांडला. अध्यक्षपदी रॉबर्ट्‌स. देशाच्या अध्यक्षाला नाही कसं म्हणायचं? त्यानं तडक सभाच तहकूब केली. सहकारी संस्थेच्या वार्षिक सभा पाहिलेल्या माझ्यासारख्या माणसाला हे फारच आवडलं. झाड पुढे अठ्ठावन्न वर्षं उभं राहिलं. २०१४च्या हिमवादळात ते गेलं. आणि २०२४च्या सप्टेंबरात हेलीन चक्रीवादळानं ऑगस्टा झोडपलं, तेव्हा मैदानावरची कितीतरी झाडं पडली. लेकीचा फोन आला, तेव्हा तिच्या घरात पाणी शिरलं नाही ना, हे विचारल्यावर माझा दुसरा प्रश्न त्या पाइनांबद्दल होता.

परतीचा चढ मात्र जिवावर आला. दहाव्या होलचा तो उतार आता उलटा चढायचा होता. अर्ध्यावर, त्या वाळूच्या खड्ड्यापाशी मी दम खायला थांबलो. शेजारी एक वृद्ध अमेरिकन गृहस्थ काठी टेकून उभे होते. तिथे बरीच वर्षं येणारे दिसले. त्यांना विचारलं. ते म्हणाले की, ग्रीन पूर्वी इथेच होती, या बंकरच्या कुशीत. १९३७मध्ये ती पन्नास-साठ यार्ड मागे, उंचावर नेली. बंकर तेवढा राहिला. मॅकेंझीच्या हातचा म्हणावा असा एवढा एकच उरलाय. आता याच्यात चेंडू पडत नाही.

त्या वेळी खड्ड्यात एक कामगार उतरला होता. सावळा, साठीच्या पुढचा, डोक्यावर हिरवी टोपी. लांब दांड्याच्या फावडीनं तो सावकाश वाळू सारखी करत होता. एकही ठसा नव्हता तिथे, तरी करत होता. कडेपर्यंत आला, मागे सरकून बघितलं, एका जागी पुन्हा हात फिरवला. मग स्वतःच्या पावलांचे ठसे पुसत पुसत बाहेर आला. ‘बाबा, चला ना, गाडी काढायला उशीर होईल,’ लेक वरून हाक मारत होती. मी बूट काढले, मोजे काढले आणि कडेच्या त्या उतारावर क्षणभर अनवाणी उभा राहिलो. हिरवी टोपीवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. नियमात बसत नसावं, पण तो काही बोलला नाही.